झाकणवाल्यांचा पुकारा

मी आयुष्यभर ओरडायची नोकरी केली. हसू नका. कामगार कोर्टात शिपाई होतो, आणि प्रकरण निघालं की दारात उभं राहून नाव पुकारायचं हे माझं काम. आवाज असा होता की वरच्या मजल्यावरचे कारकून खिडक्या लावून घ्यायचे. सगळं कोर्ट मला भोंगा म्हणायचं. साहेबलोकसुद्धा, मी पाठमोरा असलो की. मला त्याचं काही वाटत नसे. भोंग्याचं काम भोंग्यानं चोख करावं, बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

माझ्या त्या आवाजाचा ज्या एका माणसाला कधीच उपयोग झाला नाही, त्याची ही गोष्ट आहे. कारखान्यात तेलाच्या डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर त्यानं चोवीस वर्षं काढली होती, म्हणून आम्ही त्याला झाकणवाले म्हणायचो. उंच, वाळका, कायम इस्त्रीचा निळा शर्ट. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, नखं अगदी मुळाशी कापलेली, बोटात अंगठी नाही, मनगटाला घड्याळ नाही. प्रेसवर काम करणारी माणसं अशीच राहतात, लोंबतं काही असलं की मशीन हात ओढून नेतं. नोकरी जाऊन बारा वर्षं झाली तरी हा माणूस रोज सकाळी नखं बघायचा.

नोकरी कशी गेली ते ऐका, म्हणजे माझ्यासारखीच तुमचीही तळपायाची आग मस्तकात जाईल. पत्रा कापणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला पंच म्हणतात. त्याची धार मेली की झाकणाच्या कडा फाटतात. धार लावायला कारखान्यात वेळ मिळत नसे, मशीन बंद ठेवलं की फोरमन बोंबलायचा. म्हणून जुने ऑपरेटर पंच फडक्यात गुंडाळून घरी न्यायचे, ऑइलस्टोनवर घासायचे आणि सकाळी आणून बसवायचे. फुकट. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, फोरमनच्या डोळ्यांदेखत. मग एक नवा मॅनेजर आला. त्यानं पहिल्याच महिन्यात गेटवर पिशव्या तपासायला लावल्या, आणि झाकणवाल्यांच्या पिशवीत डब्याखाली पंच सापडला. झालं. चोर.

पोलिसांची केस तीन वर्षं चालली. फोरमननं, कधी नव्हे ते कणा दाखवून, सांगितलं की पंच घरी न्यायची पद्धतच होती. फौजदारी कोर्टानं निर्दोष सोडलं. तुम्हाला वाटेल संपलं. संपतंय कसलं? कंपनी म्हणाली, फौजदारी कोर्ट काय म्हणायचं ते म्हणो, आमच्या चौकशीत हा चोर ठरलाय आणि आम्ही याला बडतर्फ केलंय. म्हणजे एकाच पंचासाठी एका इमारतीत माणूस साव आणि दुसऱ्या इमारतीत चोर. त्या बडतर्फीविरुद्धचा त्यांचा दावा नोकरी गेली तेव्हापासूनच आमच्या कोर्टात चालू होता.

त्यांना हवं होतं एकच. पुन्हा त्या मशीनसमोर उभं राहायचं होतं. वकिलानं एकदोनदा सुचवलं की तडजोड करू, काहीतरी पदरात पाडून घेऊ. झाकणवाले म्हणाले, "मशीनवर घेत असतील तर बोला." सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना काढलं होतं. निवृत्ती साठीला. आकडेमोड त्यांच्या डोक्यात रोज चाललेली असायची, मला तारीख सांगताना म्हणायचे, "अजून आठ वर्षं आहेत हातात." मग म्हणायचे सात.

दाव्याच्या सहाव्या वर्षी मला त्यांची गोष्ट कळली. त्या दिवशी त्यांचं प्रकरण निघालं, मी दारातून दोनदा पुकारलं. हे महाशय समोरच्या बाकावर, माझ्यापासून चार पावलांवर, ढिम्म. माझं डोकं फिरलं. जाऊन खांद्याला धरून हलवलं आणि म्हटलं, "बहिरे आहात का हो?"

त्यांचा चेहरा असा झाला की माझे शब्द मलाच बोचले. ते आत गेले, हजेरी लावली, तारीख घेतली. बाहेर आल्यावर माझं मनगट धरून मला जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले.

"काय?"

"ते तुम्ही मघाशी जे म्हणालात ते."

प्रेसनं कान खाल्ले होते त्यांचे. चोवीस वर्षं तो धाडधाड आवाज, कानात घालायला कुणी कापसाचा बोळा दिला नाही. सुरुवातीला कमी ऐकू यायचं, साक्ष झाली तेव्हा निभावलं, आणि मग वर्षागणिक कमी होत गेलं. आता समोरचा तोंड करून सावकाश बोलला तर ओठांवरून कळायचं, एवढंच. मी म्हटलं, अहो मग सांगा ना कोर्टाला, उलट कंपनीलाच जाब विचारता येईल. त्यांनी मान हलवली. प्रेसवर दोन माणसं लागतात. मागचा माणूस पत्रा सरकवून आवाज देतो, मग पुढच्यानं पेडल दाबायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीनजवळ उभं करत नाहीत, कारखान्याचा नियमच तसा. कंपनीला हे कळलं तर चोरी सिद्ध करायची गरजच नव्हती. अपात्र म्हणून हात झटकले असते.

"पण मग तुम्ही काम कसं करणार?" मी विचारलं.

"पायाला कळतं," ते म्हणाले. "पत्रा बसला की जमिनीतून कळतं. शेवटची दोन वर्षं तसंच केलंय मी. एक झाकण वाया गेलं नाही."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची छाती कुणाची होती? मी तोंडाला कुलूप लावलं. आणि आमची एक पद्धत ठरली. त्यांचं प्रकरण निघालं की मी दारातून दोनदा खणखणीत पुकारायचो, मग काहीतरी काम असल्यासारखा बाकावरून जायचो आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचो. ते उठायचे. पाच वर्षं हे चाललं. कुणाला पत्ता लागला नाही. त्यांच्या वकिलालासुद्धा नाही, आणि तो पठ्ठ्या तर त्यांच्याशी बोलताना कायम कागदात तोंड घालून बोलायचा. झाकणवाले प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणायचे आणि नंतर मला विचारायला यायचे. मी टाकीपाशी उभा राहून, तोंड वाकडंतिकडं करून सगळं समजावायचो. मला या भोंग्याला गप्प बोलायला शिकवलं ते त्यांनी.

मग तो बुधवार आला.

माझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मंगळवारी ठरलं होतं. मी तीन दिवस सुट्टी घेतली, पण बोर्ड बघून ठेवला होता, बुधवारी झाकणवाल्यांचा शेवटचा युक्तिवाद. मनात हिशेब केला, मंगळवारी ऑपरेशन उरकेल, बुधवारी तासभर कोर्टात येऊन जाईन. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, यंत्र बिघडलंय, उद्या सकाळी या.

माझ्या जागी जो शिपाई होता त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्याला काही सांगावं तर दुपारच्या चहापर्यंत ते कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर गेलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही. आज वाटतं, नुसतं एवढं म्हणायला काय झालं होतं की बाबा, निळ्या शर्टवाला तो माणूस डुलक्या काढतो, त्याला हलवून उठव? एवढं साधं, बिनधोक खोटं. मला सुचलं नाही. पाच वर्षं ते गुपित सांभाळून मी इतका हुशार झालो होतो की दुसऱ्या कुणाला त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही हेच डोक्यात. आणि मनाची समजूत काढली की वकील असेलच हजर.

वकील वरच्या मजल्यावर दुसऱ्या प्रकरणात अडकला होता. झाकणवाल्यांना कागदावर लिहून देऊन गेला होता, मी दहा मिनिटांत येतो, नाव निघालं तर उभे राहून साहेबांना तेवढं सांगा. फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. साहेब नवे होते, जुनी प्रकरणं झटपट संपवायचा त्यांना वरून आदेश होता. नाव पुकारलं गेलं, नियमाप्रमाणे तीनदा. झाकणवाले दारासमोरच्या बाकावर ताठ बसून होते, हातात तो कागद. दावा गैरहजेरीत निकाली काढला गेला.

मधली सुट्टी झाली, वकील अजून वरच अडकलेला, तेव्हा त्यांनी जाऊन त्या शिपायाला विचारलं, आमचं कधी निघणार. तो म्हणाला, अहो केव्हाच निघून गेलं, तुम्ही होतात कुठं? इथंच, ते म्हणाले. आणि मग त्यांना कळलं. तिथल्या तिथं, तशा अवस्थेतसुद्धा, त्यांनी गुपित सोडलं नाही. म्हणाले, "डोळा लागला वाटतं."

मी चौथ्या दिवशी कामावर आलो तर सगळं कोर्ट त्यावर हसत होतं. झाकणवाले झोपले. अकरा वर्षं जागे राहिले आणि नेमके शेवटच्या दिवशी घोरले. मी त्या शिपायाची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं, आणि कुणालाच कळेना भोंग्याला एवढं काय झोंबलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. दाराला बेल नव्हती, एक दोरी होती. ती ओढली की आत खुंटीवरचं फडकं हलायचं. वहिनींनी दार उघडलं. कपडे शिवून घर चालवत होत्या त्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सुट्टीवर होतात ना?" चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी झाकणवाल्यांसमोर बसलो, तोंड उजेडाकडे केलं आणि सगळं सांगितलं. चूक माझी आहे म्हणालो. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि विचारलं, "बायकोचा डोळा कसा आहे?"

मला रडू आलं. लपवत नाही.

मग मी म्हटलं, हे बघा, दावा पुन्हा उघडायचा अर्ज करायचाय ना, त्यात खरं कारण लिहू. ऐकू येत नाही म्हणून पुकारा कळला नाही. मी स्वतः प्रतिज्ञापत्र देतो, पाच वर्षं खांद्याला हात लावून उठवत होतो म्हणून. माझी नोकरी गेली तर गेली. असं कारण असेल तर साहेब महिन्याभरात दावा उघडतील. आणि झोप लागली असं लिहिलंत तर कंपनीचा वकील तुमची चामडी सोलेल.

"नको," ते म्हणाले.

"हट्ट करू नका."

"एकदा कागदावर आलं की मशीन गेलं."

"आणि असं गेलं तर?"

"असं गेलं तर उशिरा जाईल," ते म्हणाले. "ते लिहिलं तर आजच गेलं."

वहिनी शिवणयंत्रापाशी बसून होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "मी सांगून थकले, भाऊ. माझं तर त्यांना तसंही ऐकू येत नाही." आणि हसल्या. झाकणवाल्यांना ओठांवरून ते कळलं, तेही हसले. मी चिडून उठलो. जिन्यात येईस्तोवर बडबडत होतो. हट्टी माणूस, गाढव माणूस. त्यांच्यावर चिडलो की स्वतःवर, आजही सांगता येणार नाही.

अर्जात लिहिलं, थकव्यामुळे डोळा लागला. व्हायचं तेच झालं. कंपनीच्या वकिलानं लेखी उत्तर दिलं, जो इसम कोर्टाच्या दारात झोपतो तो मशीनवरही झोपेल, अशाला कामावर घेणं इतर कामगारांच्या जिवाशी खेळ आहे. अर्ज फेटाळला. मग वरच्या कोर्टात. तिथं तारखांवर तारखा. कधी कंपनीचा वकील आजारी, कधी फाइलच सापडेना. झाकणवाले त्या काळातही आमच्या कोर्टात येऊन टाकीपाशी उभे राहायचे, मला भेटायला. "अजून दोन वर्षं आहेत," म्हणायचे. मग एक वर्ष. मग ते आकडा सांगेनासे झाले आणि मी विचारेनासा झालो.

दोन वर्षं सात महिन्यांनी वरच्या कोर्टानं दावा उघडला. म्हणाले, माणूस अकरा वर्षं एकही तारीख चुकला नाही, एका डुलकीची एवढी मोठी सजा बरोबर नाही. तोवर आमच्याकडे नव्या साहेब आल्या होत्या, बाई होत्या, शांत, सगळे कागद स्वतः वाचणाऱ्या. त्यांनी दोन तारखांत युक्तिवाद संपवला. दोन तारखांत. एवढंच काम राहिलं होतं हो त्या दाव्यात.

निकालाच्या दिवशी मी दारात होतो. दोनदा पुकारलं, मग जाऊन दोन बोटं टेकवली. झाकणवाले उठले, शर्ट सारखा केला आणि आत जाऊन वकिलाच्या मागे उभे राहिले. मी दार लावून आतच थांबलो.

बाई हळू आवाजात निकाल वाचत होत्या. मला एकेक शब्द ऐकू येत होता. पंच घरी नेण्याची पद्धत होती, कंपनीला ती ठाऊक होती. अर्जदारानं चोरी केलेली नाही. बडतर्फी बेकायदा आहे, ती रद्द. मला वाटलं, आता इथंच ओरडावं. बाईंनी पान उलटलं. अर्जदाराला पूर्ववत कामावर घेण्याचा आदेश हे कोर्ट देऊ इच्छित होतं, परंतु चार महिन्यांपूर्वी त्यांनी वयाची साठ वर्षं पूर्ण केलेली असल्यामुळे तसा आदेश आता देता येत नाही. ते सन्मानानं निवृत्त झाले असं समजण्यात यावं आणि त्यांचं जे काही देणं असेल ते कंपनीनं चुकतं करावं.

वकील वळला, त्यानं झाकणवाल्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. दावा जिंकला होता ना तो. झाकणवाल्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, हसला म्हणजे जिंकलो एवढं त्यांना कळलं. बाईंचे ओठ त्यांना दिसले नव्हते, मध्ये वकिलाचं डोकं होतं. ते माझ्याकडे वळले. आनंदानं चेहरा असा फुलला होता की मी तो माणूस ओळखला नसता. आणि आपला आवाज किती मोठा झालाय याचं भान नसल्यामुळे सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं,

"मग उद्यापासून? पहिली पाळी का?"

वकील खाली बघायला लागला. बाईंनी पेन ठेवलं आणि त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यांना नीट समजावून सांगा."

मी पुढे गेलो. त्यांच्यासमोर तोंड धरून, ओठ सावकाश हलवून सांगायला लागलो, तुम्ही जिंकलात, चोर नाही म्हणाले, पण वय. त्यांना कळेना. माझे ओठच ठिकाणावर नव्हते. ते वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते, तसंच हसत. शेवटी मी त्यांच्या कानापाशी तोंड नेलं आणि आयुष्यात कधी ओरडलो नसेन इतक्या मोठ्यानं म्हणालो, "साठ झाली. आता घेता येत नाही कामावर."

तेवढं त्यांना ऐकू गेलं.

मग बाजूला होऊन त्यांनी बाईंकडे तोंड केलं आणि म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. मला ऐकू येत नाही. तेवढं त्यात लिहून घ्या." म्हणाले, मी कामावर कधी झोपलो नाही, चोवीस वर्षांत एकदा नाही.

बाईंचा चेहरा पडला. त्या जरा पुढे झुकल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, मग हे आधीच का नाही सांगितलंत? तेव्हाच उघडला असता ना दावा."

झाकणवाले माझ्याकडे बघायला लागले. बाई काय म्हणाल्या ते मी सांगावं म्हणून.

मी सांगितलं नाही. त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, चला, वहिनी वाट बघत असतील.